शांत, तापट आणि घरतांचा ट्रेलर

"तुम्ही स्वतः खेळता का हो?" हा प्रश्न काउंटरवर मला आठवड्यातून दोनदा तरी यायचा. विचारणारा आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघायचा, मग माझ्या हातातल्या गेमिंग मशिनकडे. मी खरं ते सांगायचे. खेळते, पण वाईट खेळते. वीस मिनिटांच्या वर कुठल्याच खेळात जिवंत राहिलेले नाही. मात्र एखादं मशीन हाताला कसं लागतं हे कळायला वीस मिनिटं पुरतात, आणि पगार मला त्याचाच मिळत होता.

पनवेलच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी एकोणतीस वर्षं विक्रीला उभी होते. दुकान शेठचं, जीभ माझी. लागले तेव्हा आम्ही प्रिंटरच्या रिबिनी आणि फ्लॉपीचे डबे विकायचो. मधलं सगळं सांगत बसत नाही, ते सगळ्याच दुकानांत घडलं. शेवटच्या तीन-चार वर्षांत आमच्या काचेच्या कपाटात हातात धरून खेळायचे गेमिंग पीसी आले, आणि माझ्या नोकरीचा सगळ्यात मजेचा काळ सुरू झाला.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कंपासपेटीहून मोठं, मध्ये पडदा, दोन्ही बाजूंना धरायला मुठी. अंगठ्यांखाली दोन बुटक्या दांड्या असतात, त्यांना स्टिक म्हणतात. एकीने चालायचं, दुसरीने बघायचं. मागच्या बाजूला बोटांसाठी बटणं. दिसायला खेळणं, पण आत अख्खा कॉम्प्युटर बसवलेला असतो. जे गेम टेबलावरच्या मोठ्या पीसीवर चालतात ते यावर गादीत लोळून खेळता येतात.

आमच्याकडे मुख्यतः दोन मॉडेलं चालायची. कंपन्यांची नावं इथे घेत नाही. दुकानात आम्ही त्यांना 'शांत' आणि 'तापट' म्हणायचो. शांत हलकं होतं. त्याचा पंखा ऐकू यायचा नाही, बॅटरी तीन-साडेतीन तास जायची, आणि बटण दाबलं की खेळ होता तिथे गोठायचा. परत दाबलं की पुढे चालू. त्याच्यात फक्त खेळासाठी बनवलेली वेगळी सिस्टीम होती. तापट जड, पडदा मोठा आणि डोळे दिपवणारा, ताकद भरपूर. त्याच्यात ऑफिसच्या कॉम्प्युटरवर असते तीच नेहमीची सिस्टीम. पंखा मिक्सरसारखा, बॅटरी दीड तास. कधी बॅगेत आपोआप जागं व्हायचं आणि बाहेर काढलं की भाजलेल्या वांग्यासारखं गरम.

लोक चाळीस-चाळीस व्हिडिओ बघून यायचे आणि तरी यातलं कुठलं घ्यावं ते ठरायचं नाही. नवीन पनवेलचे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ घरून भाजीचा डिजिटल काटा घेऊन आले. दोन्ही मशिनं तीन-तीनदा तोलली, मग माझ्याकडे खुर्ची मागितली, मान मागे टाकली आणि एकेक मशीन चेहऱ्यासमोर धरून दहा-दहा मिनिटं बसून राहिले. त्यांना पाठीवर झोपून खेळायचं होतं. हात आधी कुठल्याने भरून येतो ते त्यांना बघायचं होतं. त्यांनी शांत घेतलं आणि ते बरोबर होतं. एक भूलतज्ज्ञ डॉक्टर बाई यायच्या, त्यांना दोन ऑपरेशनांच्या मधल्या वेळात खेळायला हवं होतं. बोलावणं आलं की एका सेकंदात बंद झालं पाहिजे ही त्यांची एकच अट. त्यांनाही शांत. आणि ज्याला सोफ्यावर प्लगशेजारी बसून सगळ्यात नवा गेम सगळ्यात झळाळत्या रंगात बघायचा असेल त्याला तापट.

माझी पद्धत साधी होती. मी गिऱ्हाइकाला तीन गोष्टी विचारायचे. कुठे बसून खेळणार, सलग किती वेळ, आणि हातात कोण धरणार. एवढ्यावर मी सांगायचे, आणि माझं सहसा चुकायचं नाही. शेठ नव्या मुलांना सांगायचे, मॅडमचे तीन प्रश्न पाठ करा. मलाही त्याचा अभिमान होता. बळीराम घरत दुकानात आले तोपर्यंत तरी होता.

ते पन्नाशीच्या आतबाहेरचे, उंच, खांद्याने रुंद. उरणकडच्या गावातले. आजोबांची मिठागरं होती, ती केव्हाच गेली. हे न्हावा शेव्याच्या बंदरातून कंटेनर वाहणारा ट्रेलर चालवायचे. चपला दाराबाहेर काढून आत आले. अशी माणसं आता दुकानात येत नाहीत, म्हणून मी त्यांच्या पायांकडे बघितलं. ते म्हणाले, दहा वर्षांपूर्वी मुलीसाठी इथूनच कॉम्प्युटर नेला होता, तुम्हीच दिला होता. मला आठवत नव्हतं. त्यांना मात्र मी त्या दिवशी काय काय सांगितलं तेही आठवत होतं.

हातात धरून खेळायचा पीसी पाहिजे, एवढंच ते बोलले. मी तीन प्रश्न विचारले. खेळणार कुठे? ट्रेलरच्या केबिनमध्ये, बंदराच्या गेटबाहेर रांगेत उभं असताना. सलग किती वेळ? रांग सरकेल तसं, कधी अर्धा तास, कधी तीन. धरणार कोण? मीच. मला तर हे उत्तर पुस्तकात लिहिल्यासारखं वाटलं. केबिनमध्ये घरासारखा प्लग नाही, रांग केव्हाही हलते, म्हणजे बॅटरी लांब पाहिजे आणि चटकन बंद व्हायला पाहिजे. मी तापट कपाटातून काढलंसुद्धा नाही. शांत त्यांच्या हातात दिलं आणि का चांगलं ते सांगितलं. ते मन लावून ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"याच्यात सगले गेम चालतात ना?"

"जवळजवळ सगळे," मी म्हटलं.

तो 'जवळजवळ' मी इतक्या वेळा वापरला होता की त्याच्या आत काय आहे हे बघायचं मी सोडून दिलं होतं. बळीरामभाऊंनी मान डोलावली, बॉक्स पिशवीत घातला आणि चपला घालून गेले.

विक्रीनंतर आठ दिवसांनी फोन करायची माझी सवय होती. मी फोन केला. "चांगला हाय," ते म्हणाले. मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते. आवाजात उत्साह नव्हता, हे मला कळलं होतं. पण काउंटरवर दोन माणसं थांबली होती, मी फोन ठेवला.

आणखी आठवडाभराने त्यांचाच फोन आला. ट्रेलर पळस्पे फाट्याजवळ उभा आहे, मोठी गाडी गावात आणता येत नाही, कोणी येऊन मशीन बघेल का? मग म्हणाले की माझंच काहीतरी चुकत असेल, घाई नाही. दुकानातले टेक्निशियन दोघेही बाहेर कामाला गेले होते. जेवणाची सुट्टी होती. मी डबा तसाच ठेवला आणि रिक्षा केली.

ट्रेलरच्या केबिनमध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा चढले. पायरी माझ्या गुडघ्याच्याही वर होती. बळीरामभाऊंनी शेजारच्या टायरवाल्याकडून स्टूल आणलं, ते ठेवून स्वतः पलीकडे तोंड करून उभे राहिले, म्हणजे मला संकोच वाटू नये. आत बसल्यावर सगळा रस्ता खाली दिसत होता. केबिन घरासारखी स्वच्छ होती. मशीन डॅशबोर्डवर नॅपकिनमध्ये गुंडाळून, नॅपकिनसकट त्याच्या मूळ बॉक्समध्ये ठेवलेलं.

त्यांनी बॉक्सबरोबर एक छोटी वहीही माझ्या हातात दिली. मी ती उघडली. रोजची तारीख, वेळ, आणि त्यापुढे त्यांनी काय काय दाबलं ते क्रमाने लिहिलेलं. हिरवं बटण दाबलं. बेटाचं चित्र आलं. मग इंग्रजी चौकोन आला. परत बाहेर. दुसऱ्या दिवशी मोबाइलचं नेट बदलून बघितलं. परत बाहेर. तिसऱ्या दिवशी दहा मिनिटं बंद ठेवून मग चालू केलं. परत बाहेर. अशी चौदा दिवसांची चौदा पानं होती.

मी गेम चालू केला. बेटाचं चित्र आलं, मग तो इंग्रजी चौकोन आला, आणि मी तो वाचला. चौघांची टोळी करून एका बेटावर उतरायचं आणि शेवटपर्यंत टिकायचं, असा तो गेम. तो इंटरनेटवर जगभरची माणसं एकमेकांविरुद्ध खेळतात. अशा खेळांत कोणी लबाडी करू नये म्हणून गेमबरोबर एक पहारेकरी येतो. तो आधी तुमचं मशीन तपासतो. या गेमच्या पहारेकऱ्याला फक्त नेहमीची सिस्टीम ओळखता येते. शांतची वेगळी सिस्टीम दिसली की तो दारातूनच परत पाठवतो. हे मला माहीत होतं. याच थोड्या गेमांसाठी मी 'जवळजवळ' म्हणत होते.

"यात तुमचं काहीच चुकलेलं नाही," मी म्हटलं. "चूक माझी आहे. हा गेम या मशिनवर चालतच नाही. कुठला गेम खेळायचा हे मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

त्यांनी वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मंग बरा झाला," ते म्हणाले. "मला वाटला मी अडानी हाय म्हनून व्हतंय."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मी गडबडीने बोलायला लागले. म्हटलं, या मशिनवर शेकडो दुसरे गेम चालतात, उत्तम चालतात, अगदी ट्रक चालवायचासुद्धा एक आहे. ते हसले. म्हणाले, ट्रक मी दिवसभर चालवतो. मग आरशात मागच्या गाड्या बघत बसले. हाच गेम का हवा, असं मी विचारलं. आधी ते टाळत होते. मग हळूहळू सांगितलं.

त्यांची मुलगी ऋतुजा हैदराबादला नोकरी करते. एकुलती एक. तेरा महिन्यांपूर्वी ती शिमग्याला घरी आली, आणि बैठकीच्या खोलीत पाहुणे चहा पीत बसलेले. मुलगा, त्याचे आईवडील, मामा. बळीरामभाऊंनी तिला न सांगता बघण्याचा कार्यक्रम ठरवला होता. सांगितलं तर ती यायची नाही, असं त्यांना वाटलं होतं. ऋतुजा दारात उभी राहिली, सगळ्यांना नमस्कार केला, खांद्यावरची बॅग खाली न ठेवता वळली आणि आली त्या रिक्षानेच परत गेली. त्यानंतर ती वडिलांशी एक शब्द बोललेली नव्हती. पण रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर ती हाच गेम खेळते, हे त्यांना बायकोकडून कळलं होतं. घरी होती तेव्हाही आमच्याकडून नेलेल्या कॉम्प्युटरवर हाच खेळायची. तिचं त्यातलं नाव 'मिठागर'. वर्षानुवर्षं तिच्या खांद्यामागून त्यांनी ते पडद्यावर वाचलं होतं.

"फोन लावला का कट करते," ते म्हणाले. "आयशीशी बोलते, मी जवल गेलो का ठेवते. गेममदी कट कसा करंल?"

मी मशीन नॅपकिनमध्ये गुंडाळलं, बॉक्समध्ये घातलं आणि तो बॉक्स मांडीवर घेऊनच रिक्षाने दुकानात आले.

बॉक्स उघडलेला माल परत घ्यायचा नाही, हा दुकानाचा नियम मीच भिंतीवर लावलेला. त्याच पाटीखाली उभी राहून मी शेठना सगळं सांगितलं. ते फार बोलणारे गृहस्थ नव्हते. काच पुसत म्हणाले, नवं तापट त्यांना दे, त्यांचं शांत आपण डेमोला ठेवू, तसाही आपला डेमो पीस खराब झालाय. त्याच मशिनवर दुसरी सिस्टीम टाकून देता आली असती, हे आमच्या टेक्निशियनने मला नंतर ऐकवलं. आली असती. पण मग दर आठवड्याला काहीतरी बिघडलं असतं, आणि त्या माणसाने पुन्हा वही लिहायला घेतली असती.

पुढच्या दोन मंगळवारी बळीरामभाऊ दुपारी दुकानात येऊन बसले. तापटचं वजन त्यांच्या पंजात कळायचंसुद्धा नाही. अडचण अंगठ्यांची होती. ते स्टिक थेट टोकाला ढकलायचे, त्यामुळे त्यांचा माणूस भिंतीवर जाऊन आदळायचा. मी कितीतरी प्रकारे समजावलं. शेवटी म्हटलं, क्लच अर्धा सोडता ना, तसा अंगठा ठेवा. त्यानंतर मला पुन्हा सांगावं लागलं नाही. ट्रकच्या सॉकेटवर हे मशीन चार्ज करायला साधा चार्जर पुरत नव्हता. तीन चार्जर बदलल्यावर एक जमला.

खेळात नाव काय टाकू, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, माझं नको. दारासमोर उभ्या असलेल्या सगळ्या गाड्यांच्या पाट्यांवर आपल्या पनवेलचा नंबर होता, मी तोच टाकला: एमएच ४६. आणि 'मिठागर'ला मैत्रीची विनंती त्यांनी स्वतःच्या अंगठ्याने पाठवली.

त्या दिवसापासून मी माझ्या तीन प्रश्नांत चौथा घातला. कोणाबरोबर खेळणार? गिऱ्हाइकं जरा चमकून बघायची, मग त्या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ बोलायची. कोणी कॅनडातल्या भावाचं नाव घ्यायचं, कोणी सोडून गेलेल्या मित्राचं. इतकी वर्षं हे कोणाला का विचारलं नाही, याचं मला वाईट वाटतं. किती जणांना मी चुकीचं मशीन दिलं असेल आणि त्यांनी ते मुकाट्याने कपाटात ठेवलं असेल, ते आता कळायला मार्ग नाही.

बळीरामभाऊंना मी नंतर मुद्दाम फोन केला नाही. चौकशी करायचा मला काय अधिकार, असं वाटलं. पाचेक महिन्यांनी, गणपतीच्या दिवसांत, दुपारी एक मुलगी काउंटरशी आली. जीन्स, वर साधा कुर्ता, उंच, खांद्याने रुंद. तिने पिशवीतून तापट काढून ठेवलं आणि म्हणाली की डावी स्टिक गेली आहे, माणूस आपोआप डावीकडे चालत राहतो. हे दुखणं आमच्या ओळखीचं. स्टिक आतून झिजते आणि सोडली तरी ढकललेलीच आहे असं मशीनला वाटतं. मी म्हटलं, ज्याचं हे मशीन आहे त्याचा अंगठा जड आहे. ती हसली.

"बाबाचं आहे," ती म्हणाली. "तुम्हीच का त्या ट्रेलरमध्ये चढलेल्या काकू?"

मी तिला आत बसवलं, स्टिक बदलायला वेळ लागणारच होता. मी काही विचारायच्या आधी तिनेच सांगायला सुरुवात केली.

अनोळखी विनंत्या ती घेत नाही. पण नंबर गावाकडचा होता, शाळेतली कोणी मैत्रीण असेल म्हणून तिने घेतली. हा नवा खेळाडू बोलत नव्हता, बंदूक त्याला धड उचलता येत नव्हती. तिच्या टोळीतल्या दोघांनी त्याला काढून टाकायला सांगितलं. त्या खेळात बेटावर गाड्याही असतात, त्यात बसून चौघांनी एका जागेवरून दुसरीकडे जायचं. पहिल्याच संध्याकाळी एमएच ४६ धावत जाऊन ट्रक घेऊन आला. तिथे सगळे गाडी वाटेल तशी सोडून उड्या मारतात. याने घरापाशी ट्रक थांबवला, थोडा पुढे घेतला, आणि रिव्हर्स घेऊन भिंतीला समांतर, हातभर अंतर ठेवून नीट लावला. मग खाली उतरला.

"मी लहान असताना मागे उभी राहून त्याला हात दाखवायचे," ऋतुजा म्हणाली. "तसा रिव्हर्स दुसरं कोणी घेत नाही. मला तेव्हाच कळलं."

"मग बोलली नाहीस?"

"तो आधी बोलतोय का बघत होते."

तो अकरा दिवस बोलला नाही. रोज यायचा, ट्रक आणायचा, तिच्या मागे मागे चालायचा. तिला गोळी लागून ती पडली की तिला उचलायला, म्हणजे पुन्हा जिवंत करायला, दुसऱ्या टोकाहून धावत यायचा. तीही गप्प. टोळीतल्या दोघांना वाटायचं, याचा माइक खराब आहे. बाराव्या दिवशी ती एका भिंतीआड उभी असताना तिच्या कानात एकदम त्याचा आवाज आला: "ऋतू, खाली बस. डावीकडं हाय."

"आणि?" मी विचारलं.

"मी आवाजाकडे वळले आणि मेले," ती म्हणाली. "मग तो मला उचलायला आला आणि तोही मेला."

त्यानंतर दोघं फक्त खेळापुरतं बोलायला लागली. ट्रक आण, इकडे ये, वर बघ. असे आणखी काही दिवस गेले. एकदा चौघं ट्रकमधून चालली होती, बळीरामभाऊ चालवत होते. पुलावर आल्यावर ते मध्येच म्हणाले, "त्या दिवशी तुला इचारला नाय, ऋतू. चुकला माझा." बाकीचे दोघं ऐकत होते, हे त्यांच्या लक्षात नव्हतं किंवा त्यांना त्याची पर्वा नव्हती. मग मागे बसलेला निनाद, तिच्या ऑफिसातला अमरावतीचा मुलगा, हळूच म्हणाला, "काका, रस्त्याकडे पाहा ना." तोपर्यंत ट्रक कठडा तोडून नदीत गेला होता.

"बाबाच्या आयुष्यातला पहिला अपघात," ऋतुजा म्हणाली आणि तिने डोळे पुसले. मीही स्क्रूड्रायव्हर शोधायच्या निमित्ताने खाली वाकले.

त्या गणपतीला ती दीड वर्षानंतर पहिल्यांदा घरी आली होती. यावेळी बैठकीच्या खोलीत कोणी बसलेलं नव्हतं, हे तिने मला मुद्दाम सांगितलं.

मी निवृत्त व्हायच्या आठवड्यात बळीरामभाऊ भेटायला आले. ऋतुजाने त्यांना कळवलं होतं की काकूंची नोकरी संपते आहे. चपला बाहेर, हातात करंजा बंदरावरून आणलेल्या सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची पिशवी. वास सगळ्या दुकानभर झाला आणि शेठनी पंखा वाढवला. मी स्टिक कशी चालते ते विचारलं. चांगली आहे म्हणाले. जायला निघाले, आणि दाराशी जाऊन परत आले. ऋतुजाचं लग्न ठरतंय, निनादशी.

"निनाद म्हणजे तुमच्या टोळीतला?"

तोच. दिवाळीत तिने आईवडिलांना समोर बसवून सांगितलं की तिला एक मुलगा पसंत आहे, आणि बाबा त्याला ओळखतो. बळीरामभाऊ कोण कोण म्हणून विचारत राहिले. ती म्हणाली, रोज संध्याकाळी तुझ्या ट्रकमध्ये मागे बसतो तो. सात महिने ते त्याच्याबरोबर खेळत होते आणि त्यांना काहीही कळलेलं नव्हतं. मी विचारलं, मुलगा कसा वाटला? त्यांनी पगार, घर, जात यातलं काहीच सांगितलं नाही. म्हणाले, कोणी पडलं तर हा गोळ्या खाऊन उचलायला येतो, आणि गाडीत सगळे चढल्यावर शेवटी चढतो.

"पण तिने तुम्हाला न सांगता ओळख करून दिली," मी म्हटलं. "राग नाही आला?"

बळीरामभाऊ दाराबाहेर गेले आणि चपलांत पाय घालून माझ्याकडे वळले.

"राग कसला, ताई? मी तिला न सांगता पोरगा समोर बसवला, तिनं मला न सांगता बसवला. फक्त तिनं मला सात म्हयने बगू दिला. मी तिला चा पिऊन व्हईपर्यंतबी दिला नव्हता."